पावती मागणं म्हणजे भांडण नाही
घरपट्टी, बाजाराची चिठ्ठी आणि जंगलमालाचा परवाना: बचत गटांनी विचारायचे प्रश्न

मोह वेचून आलेल्या, तेंदूच्या फळीवरून परतलेल्या, चुलीजवळ बसून रेडिओ ऐकणाऱ्या आणि आता हे पान गटाच्या बैठकीत वाचून दाखवणाऱ्या सगळ्या बायांना नमस्कार.

आमच्या एका बैठकीत एका ताईनं विचारलं, "बाजारात मी दोन टोपल्या भाजी घेऊन बसते. एक माणूस येतो, पैसे घेतो, जातो. कधी दहा, कधी वीस. चिठ्ठी मागितली तर म्हणतो, बसायचं असंल तर बस. हे पैसे जातात कुठं?" बाजूच्या ताई म्हणाल्या, "आमच्या घरपट्टीचंही तसंच. कुडाचं घर, पण बिल पक्क्या घराचं." तिसरी म्हणाली, "आम्ही मोहाचे लाडू करतो. विकायला निघालो तर जो तो विचारतो, परवाना आहे का?"

तिघींचे प्रश्न वेगळे वाटतात, पण मूळ एकच आहे. आपल्याकडून पैसा मागणाऱ्याला किंवा कागद मागणाऱ्याला आपण उलट एक साधा प्रश्न विचारत नाही: हे कोणत्या नियमानं? आज आपण त्याच प्रश्नाबद्दल बोलू.

आधी एक गोष्ट, मेंढ्याची

परवान्याला प्रश्न विचारल्यानं काय होतं, हे शिकायला आपल्याला लांब जायला नको. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा हे गोंड आदिवासींचं छोटं गाव आहे. शेजारच्या लेखा गावामुळे सगळे त्याला मेंढा-लेखा म्हणतात. वनहक्क कायदा २००६ साली झाला आणि २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क मिळालेल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक.

कागद मिळाला, जंगलात बांबू होता आणि कायद्याच्या व्याख्येत बांबू हे गौण वनोपज असल्याचं लिहिलेलं होतं. गौण वनोपज गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा हक्क गावाचा. मग अडलं कुठं? वाहतूक परवान्याला. तोडलेला बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि तो देणार वनविभाग. वनविभागाचं म्हणणं असं की १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू 'झाड' आहे, म्हणून तो गौण वनोपज नाही. म्हणजे हक्क गावाकडे आणि किल्ली दुसऱ्याकडे.

मेंढ्याच्या लोकांनी मारामारी केली नाही. त्यांच्याकडे अभ्यास गटाची जुनी रीत होती. एकत्र बसायचं, कायदा वाचायचा, समजेपर्यंत बोलायचं आणि सगळ्यांचं एकमत झालं की मगच ठराव करायचा. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावं तुम्ही ऐकली असतील. गावानं एकच प्रश्न लावून धरला: आम्हाला विकायचा हक्क दिला असेल, तर नेण्याचा परवाना अडवायचा अधिकार कोणत्या नियमानं?

हा प्रश्न दिल्लीपर्यंत गेला. मार्च २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू हे गौण वनोपज असल्याचं कळवलं. २७ एप्रिल २०११ ला ते आणि तेव्हाचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. जो कागद मागायला गाव दारोदार फिरत होतं, तो कागद आता गाव स्वतः फाडून देऊ लागलं.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१२ मध्ये, वनहक्क कायद्याचे नियम बदलले. त्यातल्या दोन गोष्टी प्रत्येक गटाच्या वहीत लिहून ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, गौण वनोपज गोळा करण्यावर रॉयल्टी, फी किंवा कुठलाही आकार लागणार नाही. दुसरी, वाहतूक परवाना ग्रामसभेनं नेमलेली समिती किंवा माणूस देईल आणि परवान्याची अट लावून कोणाचा विकण्याचा हक्क कमी करता येणार नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनं हीच वाट धरली. २०१२ मध्ये त्यांना सुमारे १,००० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यांनी स्वतः बांबू तोडला, स्वतः विकला आणि त्याचे नियम ग्रामसभेत ठरवले. तेंदूपत्त्यात चांगला पैसा असतानाही, फांद्या छाटण्यानं आणि आगी लावण्यानं जंगलाचं नुकसान होतं म्हणून त्यांनी तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं. अधिकार हातात आला की माणूस फक्त ओरबाडतो असं म्हणणाऱ्यांना पाचगावचं हे उत्तर आहे.

बायांनो, ही गोष्ट आधी सांगितली त्याला कारण आहे. आपल्या भागात गवताच्या काडीलाही परवाना लागायचा, तो काळ आपल्या आजी-पणजीनं पाहिला. १९३० मध्ये विदर्भात जंगल सत्याग्रह झाला. पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला. त्या वेळी प्रश्न विचारायला कायदा मोडावा लागला. आज प्रश्न विचारायचा हक्क कायद्यातच लिहिलेला आहे. आपण तो वापरत नाही, एवढंच.

घरपट्टी: बिल कसं बनतं ते समजून घ्या

आता घरात येऊ. ग्रामपंचायतीला कर बसवायचा अधिकार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम १२४ नं दिला आहे. घर आणि मोकळ्या जागेवरचा कर, दिवाबत्ती कर, सामान्य आरोग्य कर, पाणीपट्टी, बाजार फी हे सगळं त्यातच येतं. शेतीचा सारा आणि घरपट्टी ह्या वेगळ्या गोष्टी आहेत. सारा तलाठ्याकडे आणि घरपट्टी ग्रामपंचायतीत.

पूर्वी घरपट्टी घराच्या क्षेत्रफळावर ठरायची. २०१५ च्या शेवटी नियम बदलले आणि आता ती घराच्या भांडवली मूल्यावर ठरते. शब्द जड आहे, पण हिशेब आपल्या रोजच्या हिशेबासारखाच आहे. जागेची किंमत आणि बांधकामाची किंमत काढायची. बांधकाम जुनं असेल तर घसारा धरून किंमत कमी करायची. मग घराचा वापर बघायचा. राहण्याच्या घराचा भारांक १ धरतात, दुकानाचा किंवा कारखान्याचा त्याहून जास्त. जी किंमत निघेल तिच्या दर हजार रुपयांमागे काही पैसे, असा कर. मातीच्या घराला दर कमी, सिमेंट-सळईच्या घराला जास्त. नियमात किमान आणि कमाल दर दिलेले असतात. त्यांच्यामधला कोणता दर लावायचा हे ग्रामपंचायत ठराव करून ठरवते.

एक उदाहरण घेऊ. यातले दर फक्त हिशेब समजण्यापुरते धरलेले आहेत, तुमच्या गावचे दर वेगळे असतील. समजा, मातीच्या भिंतीचं, कवेलूचं ४०० चौरस फुटांचं जुनं घर आहे. ४०० चौरस फूट म्हणजे सुमारे ३७ चौरस मीटर. जागेचा दर २०० रुपये मीटर धरला तर ७,४०० रुपये झाले. बांधकामाचा दर ५,००० रुपये मीटर, घर जुनं म्हणून घसाऱ्यानं निम्मा, म्हणजे २,५०० रुपये. त्याचे झाले ९२,५००. दोन्ही मिळून ९९,९००, म्हणजे लाखभर. हजाराला ६० पैसे दर धरला तर घरपट्टी झाली ६० रुपये.

आता गंमत बघा. नोंद करताना कोणी ४०० चौरस फुटांऐवजी ४०० चौरस मीटर लिहिलं, तर तोच हिशेब १०,८०,००० रुपयांवर जातो आणि घरपट्टी होते ६४८ रुपये. एका शब्दाच्या चुकीनं ६० चे ६४८. मातीचं घर 'पक्कं' लिहिलं किंवा घराचं वय लिहिलंच नाही, तरी असंच बिल फुगतं. यात कोणाची लबाडी असेलच असं नाही. मोजणारा घाईत असतो, घरात कोणी नसतं, तो अंदाजानं लिहितो. पण चूक दुरुस्त होईपर्यंत पैसे मात्र आपल्याच पदरातून जातात.

म्हणून बिल आलं की रक्कम नंतर बघा, आधी नोंद बघा. ही नोंद असते नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणी नोंदवहीत. तुमच्या घराचा उतारा मागा आणि पाच गोष्टी ताडून बघा:

१. लांबी-रुंदी बरोबर आहे का, आणि ती फुटांत आहे की मीटरमध्ये?
२. भिंत आणि छत कशाचं लिहिलंय?
३. घर किती वर्षांचं लिहिलंय?
४. वापर काय लिहिलाय? पडवीत छोटं किराणा दुकान असेल तर फक्त तेवढी जागा व्यवसायाची लिहिली, की अख्खं घर?
५. नाव कोणाचं आहे?

हा पाचवा प्रश्न विसरू नका. घराच्या नोंदीत नवरा-बायको दोघांचं नाव लावावं असा शासन निर्णय २००३ सालीच निघाला आहे. 'घर दोघांचे' म्हणतात तोच. नमुना ८ हा मालकीचा शेवटचा पुरावा नसतो, तो कराचा कागद आहे. तरी घरकुल, वीज मीटर, कर्जाची फाइल अशा प्रत्येक ठिकाणी तोच कागद मागतात. त्यावर आपलं नाव असलेलं बरं.

हरकत आणि अपील

कर आकारणीची यादी दर चार वर्षांनी नव्यानं करायची असते. यादी पक्की करण्याआधी ती लोकांना बघायला ठेवून ठरावीक मुदतीत हरकती घ्यायच्या असतात. ही वेळ सगळ्यात महत्त्वाची. एकदा यादी पक्की झाली की मग भांडायला लांब जावं लागतं. सूचना फलकावर कागद लागतो तेव्हा आपण शेतात किंवा जंगलात असतो. म्हणून प्रत्येक गटानं एक बाई ठरवावी. महिन्यातून दोनदा ग्रामपंचायतीच्या फलकावर काय लागलंय ते तिनं वाचून यावं आणि बैठकीत सांगावं.

यादी पक्की झाल्यावरही मार्ग बंद होत नाही. आकारणी चुकीची वाटली तर पंचायत समितीकडे अपील करता येतं. आधी ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, म्हणजे सही, शिक्का आणि तारीख. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. उत्तर यायला वेळ लागला तर अपिलाची मुदत निघून जाईल म्हणून वाट बघत बसू नका.

मैत्रिणींनो, एक गोष्ट स्पष्ट सांगतो. प्रश्न विचारा म्हणजे कर भरू नका, असा अर्थ नाही. रस्त्यावरचा दिवा, नळाचं पाणी, नालीची सफाई याच पैशातून होते. पहिल्या सहामाहीत, म्हणजे सप्टेंबर संपायच्या आत, पूर्ण कर भरला तर ५ टक्के सूट आहे आणि वर्ष उलटलं तर ५ टक्के दंड. आणखी एक. रीतसर बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर ग्रामपंचायतीचं सदस्यपद जाऊ शकतं. आपल्या राज्यात निम्म्या जागा बायांसाठी राखीव आहेत. निवडून आलेली आपलीच मैत्रीण घरच्या थकलेल्या बिलामुळे अपात्र ठरू नये. बिलाबद्दल तक्रार असली तरी थकबाकी साचू देऊ नका. भरा, पावती घ्या आणि अपील करा.

थकलेला कर वसूल करायची पद्धतही कायद्यात ठरलेली आहे. आधी बिल, मग मागणीचा हुकूम, मग जप्ती. घरपट्टी थकली म्हणून रेशनचं धान्य बंद, असं कोणी म्हटलं तर तो नियम दाखवायला सांगा. रेशन अन्नसुरक्षा कायद्यानं मिळतं आणि त्या कायद्यात घरपट्टीची अट नाही.

बाजाराची चिठ्ठी

आता त्या भाजीवाल्या ताईंकडे येऊ. आठवडी बाजारात बसणाऱ्याकडून फी घ्यायचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे. बऱ्याच ठिकाणी ग्रामपंचायत स्वतः वसुली न करता वर्षाचा लिलाव करून ठेका देते. ठेकेदार पंचायतीला ठरलेली रक्कम देतो आणि बाजारात वसुली करतो. इथपर्यंत ठीक. पण किती घ्यायचं हे ठेकेदार ठरवत नाही. दर ग्रामपंचायतीच्या ठरावानं ठरतो. टोपलीला किती, हातगाडीला किती, दुकान लावणाऱ्याला किती, हे लिहिलेलं असतं.

म्हणून तीन गोष्टी मागायच्या. एक, दरांचा फलक बाजारात लावा. दोन, घेतलेल्या प्रत्येक पैशाची चिठ्ठी द्या. तीन, लिलाव कितीला गेला ते ग्रामसभेत वाचून दाखवा. एकटी बाई चिठ्ठी मागते तेव्हा तिला उठवून लावता येतं. ओळीत बसलेल्या पंधरा जणी एकाच दिवशी एकाच आवाजात चिठ्ठी मागतात तेव्हा पुस्तक पिशवीतून बाहेर निघतं.

हिशेब छोटा वाटतो म्हणून सोडून देऊ नका. आठवड्याला १० रुपये जास्त गेले तर वर्षाच्या ५२ बाजारांत ५२० रुपये जातात. बाजारात ६० बाया बसत असतील तर ३१,२०० रुपये. ह्या पैशाला पावती नसेल तर तो पंचायतीच्या वहीत कधी चढतच नाही. मग बाजारात सावलीला शेड नाही, बायांसाठी मुतारी नाही, पाणी नाही, असं आपणच म्हणत बसतो.

जिथे पेसा लागू आहे, म्हणजे गडचिरोलीचा मोठा भाग आणि चंद्रपूरकडची राजुरा-जिवतीच्या बाजूची गावं, तिथे १९९६ च्या पेसा कायद्यानं गावबाजाराच्या व्यवस्थापनात ग्रामसभेला बोलण्याचा अधिकार दिला आहे. महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ मध्ये आले. त्या नियमांप्रमाणे पाडा किंवा टोलाही आपली वेगळी ग्रामसभा मागू शकतो. तालुक्याच्या ठिकाणी नगरपंचायत असेल तर तिथला कायदा वेगळा. तिथे पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा लागतो आणि त्यातल्या समितीत विक्रेत्यांच्या प्रतिनिधींमध्ये एक तृतीयांश बाया असाव्या लागतात.

लाडू, लोणचं आणि परवाना

आता तिसऱ्या ताईंचा प्रश्न. मोहाच्या लाडवाला कोणता परवाना?

आधी मोहाबद्दल. कित्येक वर्षं मोहफुलं साठवण्यावर आणि नेण्यावर दारूबंदी कायद्याखालची बंधनं होती. आपल्यासाठी जे खाणं, ते कागदावर दारूचा कच्चा माल होतं. २०२१ मध्ये राज्य सरकारनं मोहफुलं गोळा करणं, साठवणं आणि वाहतूक करणं यावरची बंधनं उठवली. मात्र मोहापासून दारू गाळणं याला ही सूट नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती आणायला बाया किती झटल्या हे आपल्याला माहीत आहे. फूल आपलं, लाडू आपला, पण हातभट्टी नाही. हा फरक कोणी विचारलं तर ठामपणे सांगा.

खाण्याचा पदार्थ करून विकायचा तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. २०११ च्या नियमांप्रमाणे वर्षाला ठरावीक मर्यादेपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या व्यवसायाला मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. तिची सरकारी फी वर्षाला १०० रुपये. बाजारात कोणी एजंट 'लायसन्स काढून देतो, पाच हजार द्या' म्हणाला तर आधी विचारा: नोंदणी की परवाना? सरकारी फी किती आणि तुमची किती? दोन्हीची वेगळी पावती देणार का? नोंदणी पूर्ण गटाच्या नावानं करता येते. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्ज करण्याआधी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात किंवा उमेद, माविमच्या ताईंकडे आजचा दर विचारून घ्या.

छोटं दुकान किंवा शिलाईचं केंद्र असेल तर २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा लक्षात ठेवा. २० पेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीची सक्ती नाही, फक्त व्यवसाय सुरू केल्याची सूचना द्यायची असते. दुकानात तुम्ही आणि तुमची जाऊ दोघीच बसत असाल आणि कोणी 'शॉप अॅक्टचा दंड भरा' म्हणालं, तर हा आकडा सांगा.

तेंदूपत्त्याबद्दलही थोडं. आपल्या भागातल्या अनेक ग्रामसभा आता स्वतः लिलाव करून तेंदू विकतात. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा तेंदूपत्त्यावर १८ टक्के कर लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला आहे. तुम्ही म्हणाल, कर तर व्यापारी बघेल, आम्हाला काय? पण व्यापारी बोली लावताना कर मनात धरूनच लावतो. कर कमी झाला तर पुड्याचा भाव वाढला का, हे ग्रामसभेत विचारायला हवं. आणि करारनाम्यात कर कोण भरणार ते स्पष्ट लिहून घ्यायला हवं. 'भाव अमुक, कर वेगळा' की 'भाव करासह', ह्या दोन वाक्यांत पूर्ण हंगामाच्या मजुरीचा फरक पडू शकतो.

आपला दहावा हिस्सा

कर भरणाऱ्याला जमेबरोबर खर्चही विचारता येतो. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. १५ टक्के मागासवर्गीय वस्त्यांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी. म्हणजे तुम्ही भरलेल्या प्रत्येक १०० रुपयांतले १० रुपये आपल्या बायांच्या आणि लेकरांच्या नावचे आहेत. मागच्या वर्षी ते कशावर गेले? शिलाई मशीनवर, अंगणवाडीवर, की नुसते कागदावर?

पेसा गावांना याशिवाय आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी मिळतो. तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभेनं ठरवायचं असतं. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते ती यासाठीच. ती सही करून चहा पिण्याची सभा नाही. तिथे ठराव लिहून घ्या आणि तो मोठ्या सभेत वाचायला लावा.

माहिती दिली नाही तर माहितीचा अधिकार आहे. अर्जाला १० रुपये, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही नाही, आणि उत्तर ३० दिवसांत मिळायला हवं. अर्ज लांबलचक नको. 'आमच्या ग्रामपंचायतीच्या मागच्या वर्षीच्या बाजार लिलावाचा ठराव, दरपत्रक आणि १० टक्के महिला बालकल्याण खर्चाचा तपशील मिळावा' एवढं एक वाक्य पुरतं.

पुढच्या बैठकीत

सगळं एकदम करू नका. पुढच्या महिन्यासाठी गटानं फक्त चार कामं घ्यावी.

पहिलं, प्रत्येकीनं आपल्या घराची शेवटची घरपट्टीची पावती आणावी. कर भरल्याची पावती नमुना १० मध्ये असते. कोणाकडे साध्या कागदावर लिहिलेली असेल तर ती वेगळी ठेवावी.

दुसरं, दोघींनी ग्रामपंचायतीत जाऊन पाच घरांचे नमुना ८ चे उतारे काढावे आणि टेप घेऊन घर मोजून बघावं. एक मीटर म्हणजे साधारण सव्वातीन फूट, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

तिसरं, बाजारात बसणाऱ्यांनी एकाच दिवशी चिठ्ठी मागावी आणि मिळालेल्या चिठ्ठ्या गटाच्या वहीत चिकटवाव्या.

चौथं, पुढच्या महिला सभेसाठी एक प्रश्न लिहून ठेवावा. एकच. आणि तो कोण विचारणार हे आधी ठरवावं, म्हणजे ऐनवेळी सगळ्या जणी एकमेकींकडे बघत बसणार नाहीत.

आमच्या बैठकीतल्या त्या भाजीवाल्या ताई शेवटी म्हणाल्या, "दहा रुपयांसाठी कशाला वाद?" तिच्याच शेजारच्या आजीनं उत्तर दिलं, "दहा रुपयांचा नाही बाई. आपुन विचारलं का नाही, त्याचा." मेंढ्याच्या लोकांनाही बांबूचा पैसा हवा होताच. पण परवान्याचं पुस्तक हातात आलं ते त्यांनी 'कोणत्या नियमानं' हे न थकता विचारलं म्हणून. पावती मागणारी बाई भांडखोर नसते. ती गावाचा हिशेब सांभाळणारी असते.

तुमच्या गटानं घरं मोजली, चिठ्ठी मागितली, उत्तर मिळालं किंवा नाही मिळालं, जे झालं ते आम्हाला कळवा. पुढच्या कार्यक्रमात आपण तेच बोलू.